वाट चुकलेला विटाळ

चुडावा,
ता. १४ जून १९५३

चि. सौ. मनकर्णा हिस आक्काचा आशीर्वाद.

'सौ.' मुद्दाम ठळक काढलं आहे. तुला टाकून गेलेला माणूस कुठं का असेना, जिवंत आहे, तोवर तुझं सौ. कोणी पुसायचं नाही. आपल्या वहिनीनं तर नाहीच नाही. तिला वाचता येत नाही आणि आपला भाऊ आश्रुबा शाळा बुडवून ढोरांमागं पळायचा, ही देवाची कृपाच म्हणायची. आबांनी आपल्या दोघींना पाटीवर अक्षरं गिरवायला बसवलं तेव्हा गाव हसलं होतं. आता त्याच अक्षरांमुळं दोघींचं दोघींत राहतं.

इकडं सगळी माणसं हिंडती-फिरती आहेत. तुझे दाजी तिफण दुरुस्त करून बसलेत आणि आभाळाकडं बघून मान दुखवून घेतात. काळी शेळी व्याली, दोन पाटी झाल्या, दोन्ही पिल्लं माद्याच. बायना तिच्या घरी पूर्णेला सुखात आहे. आमचे जावई रेल्वेत लागल्यापासून इस्त्रीची टोपी घालतात. सासूबाई तोंडात एक दात नसताना दिवसभर बोलतात.

माझं म्हणशील तर तोंड बिघडलं आहे. मिसरी लावली की बोट लाल होतं. हिरड्या सुजून मऊ झाल्यात आणि खालचे पुढचे दात हलतात. भाकरीचा पापुद्रा तोडता येत नाही, आमटीत कुस्करून गिळते. हिरडी दुखते म्हणून मिसरी जास्त लावते, तेवढं घटकाभर बधिर होतं, मग पुन्हा तेच. त्यात अंगाची आग. चुलीपुढं असो की ओढ्यावर, एकदम पायापासून डोक्यापर्यंत वाफ चढते, चोळी भिजते, आणि पाठोपाठ थंडी वाजते. रात्री दाजींच्या अंगावर पांघरूण मी टाकते आणि माझ्या अंगावरचं काढते. ते म्हणतात, "तुला भट्टी लागलीय का काय?"

तुला सांगायला लाज कसली? गेल्या दसऱ्यापासून मला कावळा शिवला नाही. मी काही बोलले नव्हते, पण सासूबाईंच्या नजरेतून काही सुटतं का? आमच्याकडं देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आहे, म्हणून बाहेर बसायचं फार कडक, तुला माहीत आहे. मी चार-पाच महिने बाहेर बसले नाही हे त्यांनी बरोबर धरलं. मग एक दिवस मी चूळ भरताना त्यांनी लाल पाणी पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"आगं केवळे, बंद न्हाई झालं तुजं," म्हणाल्या. "वाट चुकलंय. खालचा इटाळ वर चढलाय, तोंडावाटं जायलाय. माजा बी असाच चढला हुता, समदे दात घिऊन गेला."

"मंग आता काय करायचं, आत्याबाई?"

"काय करायचं म्हंजी? इटाळ त्यो इटाळ. वरून जाऊ दे न्हाईतर खालून. बाहीर बस."

तर आता माझी अशी गत आहे की हिरडीतून रक्त आलं की मी गोठ्याच्या पडवीत. कधी पंधरवड्यात दोनदा, कधी महिन्यात एकदा. चुलीला शिवायचं नाही, देवाला नाही, पाण्याला नाही. शेतात मात्र चालते, कारण खुरप्याला विटाळ लागत नाही. हसू नकोस. खरं सांगू का, मला बरं वाटतं. घोंगड्यावर पाठ टेकायला मिळते, सासूबाई स्वतः भाकरी थापून वरून टाकतात. एखाद्या दिवशी फारच दमले असले तर मी मिसरी जरा जोरातच घासते.

सासूबाईंना यात एक आशाही दिसते. वाट चुकलेलं ढोर जसं हाकून परत आणता येतं तसं हेही परत येईल, आणि मग अजून एक पोरगा होईल, असं त्या शेजारणीला सांगत होत्या. 'अजून एक' म्हणजे पहिलाच. बायनाला त्या मोजतच नाहीत.

खरं काय ते मला ठाऊक नाही. बायना मला पूर्णेला एका डॉक्टरीणबाईंकडं नेणार आहे. पेरणी झाली की जाईन.

आश्रुबा मागच्या बाजाराला इथं येऊन गेला. दाजींशी आणि सासूबाईंशी बराच वेळ बोलत बसला होता. मी चहा घेऊन गेले तर गप्प झाला. तू त्याच्याजवळ काही निरोप दिला होतास का? दिला असलास तर तो मला पोचला नाही.

आक्का


चुडावा,
ता. २३ ऑगस्ट १९५३

चि. सौ. मनकर्णा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. नागपंचमीला तू इथं येशील असं वाटलं होतं. झाडाला झोका बांधून ठेवला होता, त्यावर शेवटी शेजारच्या पोरींनी धिंगाणा घातला.

पूर्णेला जाऊन आले. डॉक्टरीणबाईंचं नाव नर्मदाबाई. त्यांचे यजमान स्टेशनात मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि बाईंनी घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना घातला आहे. मला वाटलं होतं दात काढणाऱ्यासारखं चिमटा घेऊन बसतील. बाजारातल्या त्या दातवाल्यानं तर मागंच सांगितलं होतं, सगळे उपटा म्हणजे कटकट मिटली. दाजीही तयार होते. म्हणाले, आईचं कुठं अडतंय दातावाचून. सुंठेवाचून खोकला गेला तर त्यांना हवंच असतं.

बाईंनी तोंड उघडायला सांगितलं, आरशाच्या काडीनं सगळीकडं पाहिलं आणि पहिला प्रश्न दाताचा विचारलाच नाही. "पाळी कधीपासून नाही?" म्हणाल्या. बायना शेजारी उभी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सांगितलं.

त्यांनी मला समजेल असं सांगितलं. बाईच्या अंगात पाळीचा एक रस असतो. वय झालं की तो आटतो. मग अंगाची आग होते, झोप उडते, तोंड कोरडं पडतं आणि हिरड्या नाजूक होतात. "दात तुमचे चांगले आहेत हो," म्हणाल्या. "पण हिरडी म्हणजे दाताची माती. मातीच सुटली तर रोप उभं राहील का? एक तर रस आटला, त्यावर तुम्ही रोज तंबाखूची राख घासता, आणि दातांवर किटण किती चढलंय! नुसत्या वयानं एवढं होत नाही." मी म्हटलं, आमच्या सासूबाई म्हणतात विटाळ वर चढला आहे. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, सासूबाईंना दात आहेत का? नाहीत म्हटल्यावर म्हणाल्या, "त्याही मिसरी लावत असतील." लावतात. अजूनही बोडक्या हिरड्यांना लावतात.

मग त्यांनी किटण खरवडून काढलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ओरडले नाही. एक दात अगदीच लोंबत होता तो काढला. मिसरी बंद. मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा, आणि बाभळीच्या काडीच्या मऊ कुंच्यानं घासायचं. अंगाच्या आगीसाठी बारीक गोळ्या दिल्या, त्या आटलेल्या रसाच्या आहेत म्हणे. काही दिवस घ्यायच्या, मग थांबायचं, मग पुन्हा. त्यांनी आणखीही काही सांगितलं, ते भेटीत बोलू.

मिसरी सोडणं म्हणजे काय ते तुला मिसरी न लावणारीला कळायचं नाही. चार दिवस माझं डोकं ठणकत होतं आणि घरात माझ्याशी बोलायची कोणाची छाती नव्हती. पण महिन्यात हिरड्या घट्ट झाल्या. परवा मी भाकरीचा काठ दातानं तोडला आणि तशीच चावत बसले, कालवण घ्यायचंही भान राहिलं नाही. आगही पुष्कळ कमी आहे.

तर तोंडाचं रक्त थांबलं. मी मनात म्हटलं, आता माझं बाहेर बसणं संपलं आणि सासूबाईंची आशाही. सासूबाई रोज माझी चूळ बघायला यायच्या आणि पांढरं पाणी बघून तोंड पाडायच्या.

आणि मग नागपंचमीच्या आदल्या दिवशी मला शिवलं. खरंखुरं, पूर्वीसारखं.

सासूबाईंचा आनंद काय सांगू! "वाट घावली! वाट घावली!" म्हणत त्यांनी देवीला खण दिला आणि गल्लीत गूळ वाटला. या वयात माझ्या पाळीचा गूळ गावानं खाल्ला, आता मी कोणाच्या तोंडाकडं बघू? दाजी तर दोन दिवस शेतावरच झोपले.

मी पडवीत होते तेव्हा आश्रुबा आला. कुडाची भिंत, सगळं ऐकू येतं. सासूबाई त्याला म्हणाल्या, "आता मनकर्णीचं ऱ्हाऊ दे, बाबा. सून परत शिवती झाली. माज्या लिंबाजीला दुसरी करायची गरज पडायची न्हाई." आश्रुबा म्हणाला, "तुमीच तर म्हनला हुता, दिवाळीनंतर पाट लावू म्हनून. म्या घरात बोलून बसलोय." मग त्या म्हणाल्या, "देवाच्या मनात असंल तसं."

दुसरीचं बोलणं चाललं आहे हे मला आधीच वास आल्यासारखं कळलं होतं. परक्या गावची कोणी असेल असं धरून चालले होते. तुझं नाव भिंतीपलीकडून ऐकलं.

असो. तुला कळावं म्हणून लिहिते, इथं आता कोणाला कशाची घाई नाही. माझी प्रकृती चांगली आहे, पाळी नियमित आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यामुळं मी कोणाला काही बोलले नाही. तूही बोलू नकोस.

केवळा


चुडावा,
ता. ४ ऑक्टोबर १९५३

मनू,

तुझं पत्र पोचून बरेच दिवस झाले. मी ते इतक्यांदा वाचलं की आता घडीवर फाटायला आलं आहे. घट बसायला आलेत, घर सारवायचं आहे, पण आज दुपारी सगळ्यांना शेतावर पाठवलं आणि लिहायला बसले.

तू लिहिलंस की आश्रुबानं तुला विचारलं नाही, सांगितलं. वहिनी तुझं ताट वेगळं वाढते, लेकरांना तुझ्याजवळ झोपू देत नाही, आणि पहाटे जात्यावर तुला एकटीला बसवते, हेही लिहिलंस. हे मला माहीत होतं. माहीत असून दर पत्रात मी शेळ्या आणि तिफणी लिहीत राहिले, कारण नाहीतर तुला इकडं ये असं लिहावं लागलं असतं आणि ते लिहायला सासूबाईंना विचारावं लागलं असतं.

मग तू एकच प्रश्न विचारलास. "आक्का, तुझी पाळी खरंच चालू असेल तर मी विहिरीत जीव देईन पण तुझ्या घरात पाय ठेवणार नाही. बंद झाली असेल तर मी येते. मला दुसरं दार नाही. जे असेल ते खरं सांग, तुझ्या शब्दावर मी आहे."

माझ्या शब्दावर! माझ्या शब्दाचा तुला काय भरवसा ते सांगते. डॉक्टरीणबाई जे 'आणखीही काही' म्हणाल्या ते मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. त्यांनी आधीच सांगितलं होतं, "या गोळ्या थांबवल्या की कधी कधी रक्त जातं. घाबरू नका, फार गेलं तर मात्र लगेच या. पण ही पाळी परत आली असं समजू नका. हे गोळीचं रक्त आहे. यातून मूल व्हायचं नाही." मी त्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. सगळं माहीत असून मी पडवीत जाऊन बसले, गूळ वाटू दिला, आणि तुला 'पाळी नियमित आहे' म्हणून लिहिलं. तुला रोखायचं होतं. गोळ्या चालू आहेत तोवर मी तुला रोखू शकते. सासूबाई आहेत तोवर त्या वाट बघतील. तू मात्र वहिनीच्या जात्यावर म्हातारी होशील.

तर माझं उत्तर हे. बंद झाली आहे, मनू. गेल्या दसऱ्यालाच झाली. ती कुठं वर चढली नव्हती की वाट चुकली नव्हती. तोंडाचं रक्त मिसरीचं आणि किटणाचं होतं, नंतरचं गोळीचं.

तुला लिहायच्या आधी घरात सांगावं म्हणून मी काल संध्याकाळी सासूबाईंपुढं बसले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं त्या कपाळ बडवून घेतील. त्यांनी हातातली वात वळून पुरी केली.

"म्या वळखलं न्हाई," म्हणाल्या. "आन वळखायला पायजे हुतं. म्या सोता धा साल तेच केलं."

"काय केलं?"

"तू नांदायला आलीस ना, त्याच साली माजं बंद झालं. पन कुनाला सांगितलं न्हाई. दर म्हैन्याला गपचिप पडवीत जाऊन बसायची. तेवडीच फुरसत गावायची बाईच्या जल्माला."

तेरा वर्षांची मी या घरात आले तेव्हा दर महिन्याला त्या दिवसांत अख्ख्या घराच्या भाकरी माझ्या कोवळ्या मनगटांवर पडायच्या. रडत थापायचे आणि मनात म्हणायचे, आत्याबाईंची ही अडचण कधी संपते! ती संपूनच गेलेली होती! मला इतका राग आला आणि त्याच्या वरचढ इतकं हसू आलं की मी पदर तोंडात कोंबला. त्याही हसल्या, बोडक्या तोंडानं, डोळे पुसत. चाळीस माणसांच्या भावकीत मला समजून घेणारी एकच निघाली आणि तीही सासू.

पण हसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तरी पन केवळे, माज्या पोराला वंश पायजे." तेवढं त्यांनी सोडलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना दुसरं काही शिकवलंच नाही कोणी.

दाजींना रात्री जेवताना सांगितलं. ते भाकरी मोडत राहिले. मी विचारलं, तुमच्या मनात काय आहे?

"मला कुठं कुनी इचारलं हुतं?" म्हणाले. "ती आली तर येऊ दे. बहीन म्हनून का बायकू म्हनून, ते तुमी दोगी ठरवा. म्या मधी पडायलो न्हाई." आणि हात धुवून बैलांना वैरण टाकायला गेले. माणूस वाईट नाही. तीस वर्षांत हात उगारला नाही, पण हात पुढंही केला नाही. नवरा करणार असलीस तर एवढं माहिती असू दे.

आता माझं ऐक. मी थोरली आहे म्हणून सांगत नाही, तुझ्या पत्रात जे नाही ते विचारते. तुला दार हवं आहे, हे तू लिहिलंस. नवरा हवा आहे असं कुठंही लिहिलं नाहीस. दाजींचं नाव तुझ्या पत्रात नाही. या दोन गोष्टी एकच आहेत असं आश्रुबानं ठरवलं, सासूबाईंनी ठरवलं, आणि तूही मान हलवलीस. मला त्या एक वाटत नाहीत. दार मी देते. मागच्या खोलीत बी-भरण ठेवतो, ती मोकळी करून सारवली आहे. सासूबाई कुरकुरतील, पण मी आता या घरातली कधीही बाहेर न बसणारी बाई आहे, चूलही माझी आणि देवही माझे, तेव्हा माझं थोडं तरी चालेल. भावकी नावं ठेवील. ठेवू दे.

मला सवत नको. हे मी कधी कोणापुढं बोलले नाही, तुला पहिल्यांदा सांगते. परकी असती तर मी भांडले असते, तिच्या चुलीत पाणी ओतलं असतं आणि जगले असते. तुझ्याशी मला भांडता येणार नाही. तुला मी कडेवर वागवलं आहे. तू त्यांच्या खोलीत जाशील आणि मी पडवीत जागी राहीन, आणि सकाळी तुझी वेणी घालायलाही मीच बसेन. ते मला जमणार नाही.

आणि तुला लेकरू हवं असेल, तर तेही स्पष्ट लिही. तू पस्तिशीची आहेस, तुला हवंसं वाटणं चूक नाही. त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. तसं असेल तर मी अडवणार नाही, एवढंच.

गोळ्या मी टाकून दिल्या नाहीत. अंगाची आग अजून उठते, आणि बाई सांगतील तोवर घेईन. फक्त रक्त गेलं तर घरात सांगेन, हे औषधाचं आहे, आणि चुलीपुढं बसेन.

घट उठले की सोमवारी सकाळच्या गाडीनं ये. येताना आश्रुबाला आणू नकोस. कसंही आलीस तरी मी चुडाव्याच्या स्टेशनात उभी असेन. नुसती बहिणीच्या घरी राहायला निघाली असशील, तर गाडीतून उतरताच गाठोडं माझ्या हातात दे. पाट लावून घ्यायला येत असशील, तर ते तुझ्याच काखेत राहू दे. मी काही न विचारता तुझ्या पुढं चालत घरापर्यंत वाट दाखवीन, मागं वळून मात्र बघणार नाही.

तुझी आक्का, आणि देवानं ठेवलं तर तेवढीच,
केवळा